माजी सैनिक आणि नागरी कर्मचारी यांची व्यावसायिकता

माजी सैनिक आणि नागरी कर्मचारी यांची व्यावसायिकता हा समाजशास्त्र, व्यवस्थापनशास्त्र आणि लोकप्रशासन यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. सशस्त्र दलांत सेवा करून नंतर नागरी नोकरीत आलेल्या व्यक्ती आणि संपूर्ण नोकरीकाळ नागरी क्षेत्रातच घालविलेल्या व्यक्ती यांच्या शिस्तीत, जबाबदारीच्या जाणिवेत, निर्णयपद्धतीत आणि सहकाऱ्यांशी असलेल्या वर्तनात काही फरक आढळतो का, आढळल्यास तो कशामुळे, हा या विषयाचा गाभा होय. माजी सैनिक जात्याच अधिक शिस्तबद्ध असतो, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. तो नागरी व्यवहारात ताठर ठरतो, असा दुसरा समजही तितकाच रूढ आहे. उपलब्ध अभ्यास या दोहोंपैकी कोणत्याही समजाला सरसकट दुजोरा देत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. राज्य शासनाच्या गट क व गट ड पदांवर माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. बँका, कारखाने, वीजकेंद्रे आणि बंदरे यांच्या सुरक्षाव्यवस्थेतही माजी सैनिक मोठ्या संख्येने काम करतात. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांसारख्या भागात सैनिकी शिस्तीवर आधारलेली औद्योगिक व्यवस्था आणि संघटित श्रमिकांची स्थानिक परंपरा एकमेकींच्या शेजारी नांदतात. त्यामुळे हा विषय तेथे विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

संज्ञा

माजी सैनिक: केंद्र शासनाच्या माजी सैनिक (केंद्रीय नागरी सेवा व पदांवर पुनर्नियुक्ती) नियम, १९७९ नुसार भारतीय संघराज्याच्या नियमित भूदलात, नौदलात किंवा हवाई दलात कोणत्याही हुद्द्यावर सेवा केलेली आणि विहित अटींनुसार सेवामुक्त झालेली व्यक्ती म्हणजे माजी सैनिक. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल इत्यादी निमलष्करी दलांतील निवृत्त कर्मचारी या व्याख्येत येत नाहीत. बोलीभाषेत मात्र या सर्वांनाच ‘फौजी’ किंवा ‘मिलिटरीवाले’ म्हटले जाते. तुलनात्मक अभ्यासात या दोन वर्गांची गल्लत झाल्यास निष्कर्ष सदोष ठरतात.

नागरी कर्मचारी: सैनिकी सेवेचा अनुभव नसलेला शासकीय, निमशासकीय किंवा खाजगी क्षेत्रातील कर्मचारी, या अर्थाने ही संज्ञा येथे वापरली आहे.

व्यावसायिकता: या संज्ञेचे दोन अर्थ प्रचलित आहेत. कार्यालयीन व्यवहारात वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, शिष्टाचार आणि दिलेले काम वेळेत पूर्ण करणे यांना व्यावसायिकता म्हणतात. समाजशास्त्रात विशेष ज्ञान, समाजाप्रती उत्तरदायित्व आणि आपल्या वृत्तीच्या नीतिनियमांशी बांधिलकी या तीन गोष्टी मिळून व्यावसायिकता सिद्ध होते. पहिल्या अर्थाने केलेली तुलना बहुधा बाह्य शिस्तीपुरतीच मर्यादित राहते. दुसऱ्या अर्थाने पाहिल्यास शिक्षक, परिचारिका, अभियंता किंवा तलाठी यांची व्यावसायिकता सैनिकाच्या व्यावसायिकतेइतकीच कसोटीची ठरते.

महाराष्ट्रातील इतिहास

सैनिकी सेवेतून नागरी जीवनात येण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सैन्यात मराठा, महार व कोकणातील इतर समाजांची भरती होत असे. ज्यांना गावात शाळेची दारे बंद होती, अशा अनेकांना पलटणीत अक्षरओळख झाली. लेखन, हिशेब व नोंदी ठेवण्याचे हे शिक्षण निवृत्तीनंतर त्यांचे मुख्य भांडवल ठरले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यातील शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे रोखपाल म्हणून नोकरी केली. दुष्काळग्रस्तांना रोजगार देण्यासाठी सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. महाडजवळील रावदूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखन व प्रचार सुरू केला. १८९५ मध्ये महाड तालुक्याच्या स्थानिक मंडळावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा मंडळातील उच्चवर्णीय सदस्यांनी नाराजी दर्शविली. माजी सैनिकाच्या नागरी कामातील यशापयश केवळ त्याच्या गुणांवर अवलंबून नसते, त्याला सामावून घेणारी संस्था कशी आहे यावरही ते ठरते, हे या उदाहरणावरून दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर पुनर्वसनाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावातील ४६ सैनिक त्या युद्धात मृत्युमुखी पडले. हे गाव आज ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावाने ओळखले जाते. अपंग सैनिकांना हातचे कौशल्य शिकवून उदरनिर्वाहास समर्थ करण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. ‘सैनिकाला सैनिकी गुणांसाठी नोकरी’ या कल्पनेऐवजी ‘सैनिकाला नवे कौशल्य’ ही कल्पना या संस्थेने रुजविली.

स्वातंत्र्योत्तर काळात वरिष्ठ पातळीवरील ठळक उदाहरण लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे आहे. १९६१ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. कामगार पातळीवर मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. सांगली जिल्ह्यातील पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली आणि १९७२ च्या हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्तशैली जलतरणात सुवर्णपदक मिळविले.

दोन कार्यसंस्कृतींची जडणघडण

सैनिकी व नागरी कामाच्या सवयी ज्या कायदेशीर चौकटीत घडतात, त्या चौकटीच भिन्न आहेत.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर संसद निर्बंध घालू शकते. लष्कर अधिनियम, १९५० च्या कलम २१ नुसार सैनिकाच्या संघटना स्थापन करण्याच्या, सभेत भाग घेण्याच्या आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधण्याच्या अधिकारांवर बंधने घालता येतात. कलम ४१ नुसार वरिष्ठाच्या कायदेशीर आदेशाची अवज्ञा हा गुन्हा आहे व तो लष्करी न्यायालयापुढे चालू शकतो. ‘कायदेशीर’ या शब्दाला येथे महत्त्व आहे, कारण सैनिकी आज्ञापालन म्हणजे कोणत्याही हुकमापुढे मान तुकविणे नव्हे. तक्रारीची वाटही कायद्यात आहे. मात्र ती एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, वरिष्ठांमार्फतच जाते.

नागरी नोकरीत संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य अनुच्छेद १९ ने दिलेले आहे. शासकीय नोकरदाराला अनुच्छेद ३११ चे संरक्षण असते. महाराष्ट्रात त्याचे वर्तन महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि त्याच वर्षीचे शिस्त व अपील नियम यांनी बांधलेले असते. कसूर झाल्यास विभागीय चौकशी होते, खुलासा मागविला जातो, अपील करता येते. कारखान्यात कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि साप्ताहिक सुटी ठरलेली असते आणि तक्रार सामूहिक स्वरूपात, युनियनमार्फत मांडता येते. शिवाय माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यांमुळे शासकीय कर्मचारी वरिष्ठाप्रमाणेच नागरिकालाही उत्तरदायी झाला आहे.

या दोन चौकटींतून दोन प्रकारच्या सवयी तयार होतात. सैनिकाला काम ‘नेमून’ दिले जाते, ते पूर्ण झाल्याचा अहवाल तो स्वतः देतो आणि पलटणीचा मान हा त्याच्या कामाचा मापदंड असतो. नागरी कर्मचाऱ्याच्या कामाची कक्षा पदाच्या कर्तव्यसूचीने आखलेली असते, कामाचा मागोवा फाईलवरील टिप्पणीतून राहतो आणि सेवापुस्तक हा त्याच्या कारकिर्दीचा पुरावा असतो.

तुलनेचे घटक

वक्तशीरपणा व उपस्थिती: पहाटेची हजेरी, पहाऱ्याची पाळी आणि ठरल्या वेळी पाळी बदलणे यांची सवय सैनिकी सेवेत अंगवळणी पडते. त्यामुळे पाळीने चालणाऱ्या कामात माजी सैनिक सहज रुळतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र वीजकेंद्र, रेल्वे, रुग्णालय किंवा दूधसंकलन केंद्र यांतील नागरी कर्मचारीही अशाच वेळापत्रकावर काम करतात. वक्तशीरपणा हा कामाच्या स्वरूपातून येणारा गुण असल्याने तो केवळ गणवेशाशी जोडणे योग्य ठरत नाही.

आज्ञापालन व मतभेद: अनेक वरिष्ठांच्या, कधी परस्परविरोधी सूचनांखाली काम करणे नागरी कार्यालयात नेहमीचे असते. आदेशाची एकच स्पष्ट साखळी पाहिलेल्या माजी सैनिकाला ही स्थिती प्रारंभी गोंधळाची वाटू शकते. उलटपक्षी, काम सुरू होण्यापूर्वीच शंका उपस्थित करणे हा नागरी व्यावसायिकतेचा भाग आहे. हिशेबनीस, अभियंता व वैद्यक यांच्याकडून ‘हे नियमात बसत नाही’ असे लेखी म्हणण्याची अपेक्षाच असते.

नोंदी व साहित्याची जबाबदारी: शस्त्रे, दारूगोळा, इंधन व कपडे यांचा काटेकोर हिशेब सैन्यात ठेवावा लागतो. या सवयीचा उपयोग भांडारपाल, वाहन विभाग आणि सुरक्षा फाटकावरील नोंदवही यांसारख्या कामांत होतो. नागरी लेखाव्यवहारात मात्र कर, निविदा, अनुदान व लेखापरीक्षण यांचे वेगळे ज्ञान लागते आणि ते स्वतंत्रपणे शिकावे लागते.

संघभावना: सैनिकी संघभावनेचा आधार सहजीवन व सामायिक धोका हा असतो. कार्यालयातील सहकारी सायंकाळी आपापल्या घरी जातात आणि त्यांच्यात बढतीची स्पर्धाही असते. त्यामुळे ‘येथे कोणी कोणाचा नाही’ अशी भावना काही माजी सैनिकांत निर्माण होते. नागरी क्षेत्रातील संघभावना पतपेढी, कर्मचारी संघटना, एकाच गाडीने होणारा रोजचा प्रवास अशा निराळ्या रूपांत व्यक्त होत असल्याने ती नवागताला चटकन दिसत नाही.

लोकांशी व्यवहार: रांगेत उभ्या असलेल्या, कागदपत्रे अपुरी असलेल्या किंवा संतापलेल्या नागरिकाशी बोलताना हुकमी स्वर उपयोगी पडत नाही. येथे दीर्घ नागरी अनुभव असलेल्या कर्मचाऱ्याचा संयम व स्थानिक बोलीचे ज्ञान अधिक मोलाचे ठरते. दुसरीकडे, पूर, आग किंवा अपघात अशा प्रसंगी डोके शांत ठेवून कामाची वाटणी करण्याचे प्रशिक्षण माजी सैनिकाकडे असते.

आर्थिक पार्श्वभूमी: अधिकारी हुद्द्याखालील सैनिकाला साधारणपणे १५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळते. दुसऱ्या नोकरीत येताना हाताशी निश्चित उत्पन्न असल्याने तो गैरप्रकाराला नकार देण्यास किंवा न पटणारी नोकरी सोडण्यास अधिक मोकळा असतो. या मोकळेपणाचे श्रेय अनेकदा ‘सैनिकी बाण्याला’ दिले जाते. तेवढेच संरक्षण मिळालेला नागरी कर्मचारी कसा वागेल, हा प्रश्न तुलनेत सहसा विचारला जात नाही. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत त्याचे महत्त्व विशेष आहे.

संशोधन

सॅम्युअल हंटिंग्टन यांनी १९५७ च्या ग्रंथात सैन्याधिकाऱ्याचे काम ही वैद्यक किंवा वकिलीसारखी स्वतंत्र वृत्ती असल्याचे मांडले आणि विशेष ज्ञान, उत्तरदायित्व व वृत्तिसमूहाची एकात्मता ही तिची लक्षणे सांगितली. मॉरिस जनोविट्झ यांनी १९६० मध्ये याहून वेगळे निरीक्षण नोंदविले. तंत्रज्ञान वाढत गेले तसे सैन्यातील अधिकार हुकमाकडून समजावणीकडे व व्यवस्थापनाकडे झुकले आणि सैनिकी व नागरी कौशल्यांतील अंतर कमी झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. चार्ल्स मॉस्कोस यांनी १९७७ मध्ये सैन्याची वाटचाल ‘संस्थे’कडून ‘रोजगारा’कडे होत असल्याचे म्हटले. कर्तव्य, मान व त्याग यांवर उभी असलेली सेवा हळूहळू वेतन व करार यांच्या भाषेत पाहिली जाऊ लागते, हा त्यांच्या मांडणीचा आशय होय.

अशा तुलनेतील मुख्य अडचण निवडीची आहे. सैन्यात जाणारे लोक मुळातच इतरांहून वेगळे असतील, तर नंतर दिसणारा फरक प्रशिक्षणामुळे पडला की आधीपासूनच होता, हे सांगणे कठीण होते. अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी १९९० मध्ये ही अडचण ओलांडण्यासाठी व्हिएतनाम युद्धकाळातील अमेरिकी सक्तीच्या भरतीच्या सोडतीचा उपयोग केला. सोडतीत क्रमांक कोणता येईल हे नशिबावर अवलंबून असल्याने भरती झालेले व न झालेले गट तुलनीय होते. त्यांना असे आढळले की, १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गौरवर्णीय माजी सैनिकांची कमाई तशाच नागरी व्यक्तींपेक्षा सुमारे १५ टक्के कमी होती. नागरी नोकरीतील अनुभवाची वर्षे हुकणे, हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले.

जोशुआ जॅक्सन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जर्मन तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सैनिकी सेवा निवडणारे आणि पर्यायी नागरी सेवा निवडणारे तरुण स्वभावाने आधीपासूनच काहीसे भिन्न होते. शिवाय सैनिकी प्रशिक्षण घेतलेल्यांत सौजन्यशीलतेची वाढ तुलनेने कमी झाली आणि हा परिणाम पाच वर्षांनंतरही टिकून होता. निवड आणि प्रशिक्षण या दोहोंचाही वाटा असल्याचे हा अभ्यास सुचवितो.

एफ्राइम बेनमेलेक व कॅरोला फ्रीडमन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. सैनिकी पार्श्वभूमीचे अधिकारी गुंतवणुकीत अधिक सावध असतात, त्यांच्या कंपन्या आर्थिक गैरव्यवहारांत कमी वेळा अडकतात आणि मंदीच्या काळात तुलनेने बरी कामगिरी करतात, असे त्यांना दिसले. याउलट, बेल्जियममध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नोकरीसाठी काल्पनिक अर्ज पाठविण्यात आले होते. सैनिकी अनुभवाच्या उल्लेखाने मुलाखतीचे बोलावणे येण्याच्या शक्यतेत लक्षणीय फरक पडत नसल्याचे त्यात आढळले.

हे निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. भारतीय सैन्य ऐच्छिक भरतीवर उभे आहे, सैनिक तरुण वयात निवृत्त होतो आणि त्याच्या दुसऱ्या नोकरीचा मोठा भाग आरक्षण व सुरक्षा क्षेत्र यांतून येतो.

पुनर्नियुक्तीची व्यवस्था

सैन्यदलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक निवृत्त होतात आणि त्यांतील बहुतेकांचे वय नागरी निवृत्तीच्या वयापेक्षा बरेच कमी असते. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील पुनर्वसन महासंचालनालय त्यांच्यासाठी प्रशिक्षणवर्ग व रोजगार साहाय्य योजना चालविते. राज्यात पुणे येथील सैनिक कल्याण विभाग, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आणि महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ (मेस्को) हे काम पाहतात.

केंद्र शासनाच्या गट क पदांवर १० टक्के व गट ड पदांवर २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. सार्वजनिक उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँकांत हे प्रमाण अनुक्रमे १४.५ व २४.५ टक्के आहे. वयोमर्यादा मोजताना सैनिकी सेवेचा काळ वजा केला जातो व वर तीन वर्षांची सवलत मिळते. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला व १५ वर्षे सेवा केलेला माजी सैनिक गट क मधील पदवीची अट असलेल्या काही पदांसाठी पात्र मानला जातो. पदवीधर नागरी सहकाऱ्यांत या तरतुदीविषयी काही वेळा नाराजी असते. सेवेतील अनुभवाला शिक्षणाइतके मूल्य द्यावे का, हा यातील मूळ वाद आहे.

खाजगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार सुरक्षारक्षक नेमताना माजी सैनिकांना प्राधान्य देता येते. या अधिनियमाखालील २००६ च्या आदर्श नियमांत नव्या सुरक्षारक्षकासाठी किमान १६० तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते ५६ तासांचे आहे. शारीरिक क्षमता व शस्त्रज्ञान यांची पुनरावृत्ती टाळणे हा या सवलतीचा हेतू दिसतो. तथापि, अभ्यागतांशी वर्तन, नागरी कायदा आणि बळाच्या वापराच्या मर्यादा हे विषय माजी सैनिकासाठीही नवे असल्याने या भागावरील भर कमी होऊ नये, असे मत मांडले जाते.

डहाणू व तलासरी परिसर

डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. हा आदिवासीबहुल भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. ब्रिटिश काळापासून सैन्यभरतीची जी परंपरा सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा रत्नागिरी येथे रुजली, तशी ती येथील वारली, कोकणा, धोडी, कातकरी इत्यादी समाजांत रुजली नाही. त्यामुळे सैनिकी शिस्तीची ओळख या भागाला बहुतांशी प्रकल्प, सुरक्षा व्यवस्था आणि शासकीय यंत्रणा यांच्यामार्फत झाली.

या भागाची स्वतःची कार्यसंस्कृती वेगळ्या संघर्षातून घडली आहे. जमीनदार व सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला. त्या वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ बंद करण्याचा आणि गवतकापणीला वाजवी मजुरी मिळविण्याचा लढा दिला. ‘हुकूम झाला म्हणून काम’ ही येथील जुनी पिळवणूक होती आणि मजुरी ठरवून काम करणे हा तिच्यावरचा विजय होता. मजुरी व तास आधी स्पष्ट करून घेणारा येथील श्रमिक बाहेरून आलेल्या पर्यवेक्षकाला ‘बेशिस्त’ वाटू शकतो. स्थानिक इतिहासाच्या संदर्भात पाहता तेच वर्तन कामाविषयीच्या स्वाभिमानाचे व जबाबदार व्यवहाराचे लक्षण ठरते.

डहाणू येथे ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कार्यरत आहे. शेजारच्या पालघर तालुक्यात १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुऊर्जा केंद्र आहे. त्याची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. डहाणूत भारतीय तटरक्षक दलाचेही ठाणे आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आल्याने येथे उद्योगांवर निर्बंध आहेत. त्यामुळे चिकूच्या वाड्या, मासेमारी व शेती यांबाहेरचा रोजगार शोधणारे बरेच जण बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत किंवा गुजरातमधील उंबरगाव व वापी येथे जातात.

वीज व अणुऊर्जा केंद्रांतील सुरक्षितता ही सैनिकी आणि नागरी कार्यसंस्कृतींच्या मिलाफाचे चांगले उदाहरण आहे. फाटकावरील तपासणी, प्रवेशपत्र व आणीबाणीचा सराव यांत आदेशाची साखळी निर्णायक असते. यंत्रावरील कामगाराकडून मात्र धोका दिसताच काम थांबविण्याची व ते वरिष्ठाला सांगण्याची अपेक्षा असते. पहिल्या गुणाचा अतिरेक झाल्यास धोका दडपला जाऊ शकतो; पहिल्या गुणाचा अभाव असल्यास ऐन संकटात गोंधळ माजतो.

३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणू तालुक्यातील वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमार व स्थानिक संघटनांचा या प्रकल्पाला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. बंदरातील कामांत स्थानिक तरुणांना किती व कोणत्या दर्जाचा रोजगार मिळेल, हा येथील जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. सुरक्षा व पर्यवेक्षणाच्या पदांसाठी सैनिकी अनुभवाची अट घातली गेल्यास, भरतीची परंपरा नसलेल्या या भागातील उमेदवार आपोआप मागे पडतात. कामासाठी खरोखर कोणते कौशल्य लागते हे तपासून अट ठरविणे, हा त्यावरील उपाय सुचविला जातो.

अग्निपथ योजना

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेमुळे या विषयाचे स्वरूप बदलत आहे. या योजनेत अग्निवीरांची सेवा चार वर्षांची असते आणि त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. इतरांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. निवृत्तिवेतन व माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी १० टक्के जागा राखीव ठेवण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली होती.

पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर, निवृत्तिवेतनासह येणारा चाळिशीजवळचा हवालदार आणि चार वर्षांनी पंचविशीच्या आत बाहेर पडणारा तरुण यांची नागरी नोकरीतील स्थिती सारखी असणार नाही. अग्निवीराला नवे काम शिकण्यास अधिक वर्षे मिळतील, पण मागे आर्थिक आधार कमी असेल. माजी सैनिकांविषयीची प्रचलित अनुमाने या नव्या वर्गाला लावताना ही भिन्नता ध्यानात घ्यावी लागेल.

टीका व मर्यादा

या विषयावरील चर्चेवर पुढील आक्षेप घेतले जातात:

• ‘माजी सैनिक’ हा एकजिनसी वर्ग नाही. रणगाडा चालक, परिचारक, लिपिक, रडार तंत्रज्ञ व स्वयंपाकी यांचे अनुभव अत्यंत भिन्न असतात. हेच नागरी कर्मचाऱ्यांनाही लागू पडते.

• तुलना बहुधा उत्तम माजी सैनिक आणि सामान्य नागरी कर्मचारी यांच्यात केली जाते. सैन्यातून शिस्तभंगामुळे बडतर्फ झालेले लोक माजी सैनिकांच्या गणनेतच येत नाहीत, त्यामुळे चित्र आधीच चाळलेले असते.

• शिस्त मोजण्याची साधने म्हणजे हजेरी, गणवेश व अहवाल ही सैनिकी मापे आहेत. वाटाघाटी, सहानुभूती, सर्जनशीलता व सामाजिक उत्तरदायित्व ही मापे लावल्यास क्रम बदलू शकतो.

• सैनिकाच्या स्तुतीआडून नागरी कामगाराच्या हक्कांना ‘लाड’ ठरविण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे, सैनिकी पार्श्वभूमीच्या कर्मचाऱ्याला कायम पहारेकऱ्याच्याच कामासाठी योग्य मानणे, हाही त्याच्या कौशल्याचा अवमान ठरतो.

व्यवस्थापनशास्त्रातील अलीकडचा कल व्यक्तीच्या पार्श्वभूमीपेक्षा तिला नव्या संस्थेत मिळणाऱ्या परिचय-प्रशिक्षणावर भर देण्याचा आहे. कामाची कक्षा, तक्रारीचा मार्ग आणि निर्णयाचे अधिकार पहिल्याच आठवड्यात लेखी स्पष्ट केल्यास माजी सैनिकाचा प्रारंभीचा गोंधळ कमी होतो. संकटकालीन सराव व जबाबदारीची स्पष्ट वाटणी या सैनिकी पद्धती नागरी कर्मचाऱ्यांनाही तितक्याच शिकविता येतात.